जिप्सी किंग १९९८: ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणतो, अख्खा टेललाईट बदलला तरी तेच

मेढा_जिप्सी

नमस्कार मंडळी, गाडी मारुती जिप्सी किंग १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली, एमएच ११ पासिंग. वडिलांनी घेतलेली आणि अजून रोजच्या वापरात आहे, मेढ्यातनं केळघर घाटानं वर महाबळेश्वर नाहीतर खाली साताऱ्याला, शेतावर पण हीच जाते. इंजिन, फोर बाय फोर, सगळं ठणठणीत आहे, अडचण आहे ती फक्त मागच्या लाईटची.

रात्री पार्किंग लाईट चालू असताना ब्रेक दाबला की उजवीकडं ब्रेक लाईट लख्ख लागतो आणि डावीकडं वाढायच्या ऐवजी आहे तो लाल पण बसतो, आणि त्याच वेळी शेजारचा पिवळा इंडिकेटर मी दिलेला नसताना मिणमिणायला लागतो. डावा इंडिकेटर दिला तर टेललाईट पण त्याच्याबरोबर उघडझाप करतो. उजव्या बाजूला यातलं काहीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात मागच्या कोपऱ्याचा पत्रा सडला होता तो नवीन मारून रंग करून घेतला, त्याच्यानंतरच्या पहिल्या पावसात हे लक्षात आलं. गॅरेजवाल्यानं टेललाईट खराब झालाय म्हणून डाव्या बाजूचा पूर्ण सेट बदलला, लोकल माल बसवला, पैसे घेतले, आणि दुखणं जसंच्या तसं. आता म्हणतोय मागची सगळी वायरिंग काढून नवीन टाकू नाहीतर एलईडी बसवू. शिवाय या नवीन काचेच्या आत पाणी साठतंय, जुन्या काचेत कधी साठलं नव्हतं.

मला घाई यासाठी आहे की परवा घाटात धुकं होतं, वळणावर गुरं आडवी आली म्हणून मी ब्रेक मारला, मागनं दुधाचा टेम्पो अगदी टेकायला आला. ड्रायव्हर चांगला माणूस, उतरून म्हणाला दादा तुमचा ब्रेक लागलेला मला दिसलाच नाही. गाडीत मागं आई बसली होती. तेव्हापासून रात्री गाडी काढायची बंद केलीय. कुठनं सुरुवात करू ते सांगा, आणि एलईडी करावं का ते पण सांगा.

कराड_५०

अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतनं परत बॅटरीला जायची वाट. बाकी काही नाही. रंग काम झाल्यावर अर्थचा स्क्रू रंगावरच आवळलाय, तिथला रंग खरवडा आणि बघा. वायरिंग अजिबात काढू देऊ नका.

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

दादा, कराडकरांनी बरोबर नाडी धरलीय पण नुसतं खरवडा म्हणून भागणार नाही, आधी मोजून खात्री करा, कारण अर्थ एका जागी नाही तर दोन-तीन जागी खराब असू शकतो आणि मग अर्धवट काम झालं की परत पुढच्या पावसात तेच.

आधी हे असं का होतं ते समजून घ्या म्हणजे कोणी तुम्हाला उगाच सामान विकणार नाही. एका बाजूच्या टेललाईटमध्ये तीन बल्ब आहेत, एक दोन फिलामेंटचा २१/५ वॅटचा (५ वॅटचं फिलामेंट पार्किंगला आणि २१ चं ब्रेकला), एक २१ चा इंडिकेटरला, एक २१ चा रिव्हर्सला. या सगळ्यांना प्लस वेगवेगळ्या वायरीनं येतो पण परत जायची वाट सगळ्यांची एकच, ती अर्थची वायर. आता ती वाट तुंबली तर ब्रेकचा करंट तिथं अडतो, आणि पाटाचं पाणी पुढं तुंबलं की शेजारच्या सरीत घुसतं तसा तो करंट शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधनं उलटा शिरतो, त्याच्या वायरीनं पार पुढच्या डाव्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थला उतरतो. म्हणून तुमचा इंडिकेटर न देता मिणमिणतो. आज अंधार पडल्यावर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवा आणि पुढं जाऊन डावा इंडिकेटर बघा, तो पण किंचित पेटत असेल. तसं दिसलं तर पन्नास टक्के निदान झालं.

आता मोजायचं कसं. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळ्या प्रोबला (मीटरच्या टोचायच्या टोकाला) लांब वायर जोडून ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, बॉडीला नाही, बॅटरीलाच. डाव्या टेललाईटची काच उतरवा (जिप्सीत बाहेरनंच स्टार स्क्रू आहेत, सोपं काम) आणि लाल प्रोब बल्ब होल्डरच्या धातूच्या बाहेरच्या भागाला टेकवा. इंजिन चालू, पार्किंग चालू, ब्रेक दाबलेला, इंडिकेटर चालू, म्हणजे सगळा लोड पडला पाहिजे. चांगला अर्थ असेल तर मीटर ०.१ किंवा फार तर ०.२ व्होल्ट दाखवेल. १ व्होल्टच्या वर गेला म्हणजे वाटेत अडथळा आहे. मग प्रोब एकेक पाऊल पुढं सरकवा, होल्डरपासून वायरीच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची कडी), थिंबलवरनं स्क्रूवर, स्क्रूवरनं पत्र्यावर, पत्र्यावरनं चॅसीवर. जिथं आकडा एकदम खाली पडतो तिथंच रोग आहे. इतकं सोपं आहे हे आणि तरी पण लोक हजारो रुपयांचं सामान बदलत बसतात, ते बघून जीव तुटतो.

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, मीटरचा बझर (वायर जोडलेली असली की वाजणारी शिट्टी) लावून अर्थ तपासू नका. वायरीतल्या सगळ्या तारा कुजून एकच तार शिल्लक असली तरी बझर छान वाजतो कारण त्याला करंट लागतच नाही. २१ वॅटचा एक बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, दोन बाजूचे ब्रेक आणि इंडिकेटर एकदम लागले तर आठ अँपिअरपर्यंत जातं, तेवढा करंट त्या एका तारेतनं जायला लागला की खरं काय ते कळतं. म्हणून लोडवरच मोजायचं.

आणि उजेडाचं गणित पण बघा. बल्बला व्होल्टेज थोडं कमी मिळालं तर उजेड थोडा कमी होत नाही, खूप कमी होतो. व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड जवळपास ३० टक्के जातो. म्हणजे जवळनं बघताना लाईट लागतोय असंच वाटतं आणि धुक्यात मागच्याला दिसतच नाही.

अजून एक, होल्डरमधला बल्ब काढून बघा. दोन फिलामेंटच्या बल्बला बाजूच्या दोन पिना वरखाली असतात म्हणजे तो एकाच बाजूनं बसावा. होल्डर सैल झाला असेल तर कुणीतरी तो जबरदस्तीनं उलटा बसवतो, मग पार्किंगला २१ चं फिलामेंट जळतं आणि ब्रेकला ५ चं. काही ठिकाणी तर मी एकाच फिलामेंटचा बल्ब दोन कॉन्टॅक्टच्या होल्डरमध्ये कोंबलेला बघितलाय, त्याच्या बुडाचा एकच मोठा टाका दोन्ही कॉन्टॅक्ट जोडून टाकतो आणि मग ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे आणि पुढचे पार्किंगचे दिवे पण लागतात. तुमच्या लक्षणावरनं हे नसावं पण नवीन सेट बसवणाऱ्यानं काय केलंय ते डोळ्यानं बघितलेलं बरं.

मेढा_जिप्सी

काका, तुमचे उपकार. आज दुपारी मित्राचं मीटर आणून बसलो आणि तुम्ही म्हणाला तसंच निघालं. ब्रेक दाबल्यावर पुढचा डावा इंडिकेटर खरंच किंचित लाल पडतो, इतके दिवस पुढं जाऊन कुणी बघितलंच नव्हतं.

आकडे असे आहेत. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.० व्होल्ट. डाव्या होल्डरच्या ब्रेकच्या कॉन्टॅक्टवर १३.५, म्हणजे प्लस बऱ्यापैकी पोचतोय. होल्डरच्या बॉडीवर सगळा लोड टाकून ३.८ व्होल्ट. उजव्या बाजूला तोच आकडा ०.३. थिंबलवर पण ३.६ च आहे आणि त्याच्या शेजारी पत्र्यावर रंग खरवडून प्रोब टेकवली तर ०.४. म्हणजे थिंबल आणि पत्रा यांच्या मधेच सगळं आहे ना? स्क्रू काढला तर खाली लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी) आणि रंग दोन्ही आहे, स्क्रूच्या आट्यांवर पण रंग.

कराड_५०

झालं की मग. साडेतेरातनं ३.८ गेले, बल्बला ९.७ मिळतायत. टेम्पोवाल्याची काय चूक.

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

एकदम बरोबर मोजलंय. ९.७ व्होल्टवर तो बल्ब त्याच्या नेहमीच्या उजेडाच्या तिसऱ्या हिश्श्यानं जळत होता.

आता काम पक्कं करा. थिंबलएवढ्या जागेचा रंग आणि लांबी पॉलिश पेपरनं काढून पत्रा चकचकीत करा, नवीन कथलाचा मुलामा असलेलं थिंबल वायरीला दाबून लावा, स्क्रूच्या ऐवजी जमलं तर आरपार नट-बोल्ट आणि खाली दातेरी वायसर टाका म्हणजे ती पत्र्यात रुतते, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरनं व्हॅसलीन नाहीतर ग्रीस लावून झाका. क्रम महत्त्वाचा आहे, आधी धातूला धातू भिडला पाहिजे आणि मग झाकायचं. उघड्या पडलेल्या पत्र्याला कडेनं रेड ऑक्साइडचा हात मारा नाहीतर नवीन पत्रा तिथनंच गंजायला सुरुवात होईल.

थिंबल कापताना वायरीच्या आतली तांब्याची तार बघा. लखलखीत लाल पाहिजे. काळी किंवा हिरवी दिसली तर अजून मागं कापा. २०१९ च्या महापुरानंतर सांगली-मिरजेतल्या भिजलेल्या गाड्या आमच्याकडं किती तरी महिने येत होत्या आणि सगळ्यांचं हेच, बाहेरनं वायर नवी दिसायची आणि आत वीतभर लांबीपर्यंत तांबं काळं पडलेलं, कारण पाणी टोकातनं शिरून इन्सुलेशनच्या आतनं वर चढतं. तुमच्याकडं महापूर नाही पण महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात रोज फिरणाऱ्या गाडीचं वायरीचं टोक उघडं राहिलं तर वेगळं काय होणार. पिळ मारून टेप गुंडाळायची पद्धत सोडा. थिंबल दाबायचं, वर आतनं चिकट असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) बसवायची.

आणि जिप्सीची बॉडी चॅसीवर रबरी बुशवर बसलेली आहे हे विसरू नका. पत्र्याचा अर्थ चांगला केला तरी पत्रा ते चॅसी आणि चॅसी ते बॅटरी या पट्ट्या कुजलेल्या असतील तर परत तेच. तुमच्या पत्र्यावर ०.४ येतंय आणि उजवीकडं ०.३, म्हणजे तिथं पण थोडं काम शिल्लक आहे.

वाई_घाटवाट

पसरणी घाटात रोज ये-जा असते म्हणून थोडं लिहितो. एलईडीचं विचारलंय त्याच्याबद्दल. नुसता एलईडीचा बल्ब आणून जुन्या होल्डरमध्ये घालायचा विचार असेल तर करू नका. तुमच्या टेललाईटच्या आतली वाटी ही फिलामेंट जिथं असतं त्या जागेच्या हिशोबानं बनवलेली आहे, एलईडीच्या बल्बचे ठिपके भलतीकडं असतात, त्यामुळं मधे एक झगझगीत टिपका दिसतो आणि बाकी काच काळी राहते. पांढरा एलईडी लाल काचेमागं घातला तर बहुतेक उजेड काचच खाते, घालायचाच तर लालच्या मागं लालच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पार्किंग आणि ब्रेक यातला फरक स्वस्त बल्बमध्ये इतका कमी असतो की ब्रेक लागला का नाही हे मागच्याला कळतच नाही, मग उपयोग काय.

इंडिकेटरला एलईडी टाकला की फ्लॅशरला (इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या डबीला) वाटतं बल्ब गेलाय आणि तो फडफड करायला लागतो. त्याच्यावर दुकानवाले रेझिस्टर देतात, ६ ओहम ५० वॅटचा, तो साडेतेरा व्होल्टला ३० वॅट उष्णता टाकतो, टेप लावून वायरिंगला बांधला तर वायरिंगच वितळेल. करायचंच असेल तर एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा आणि रेझिस्टरला हात लावू नका.

आता मला खरं जे सांगायचंय ते धुक्याचं. आपल्याकडं धुक्यात घाट चढताना निम्म्या गाड्या चारी इंडिकेटर चालू ठेवून पळतात आणि लोकांना वाटतं आपण फार काळजी घेतोय. कृपा करून हे करू नका. चारी इंडिकेटर चालू म्हणजे गाडी थांबलीय, रस्त्यात उभी आहे, ही खूण आहे. चालत्या गाडीनं ती दिली की मागचा एकतर घाबरून ब्रेक मारतो नाहीतर सवय होऊन खऱ्या बंद पडलेल्या गाडीकडं पण दुर्लक्ष करतो, आणि तुम्ही कुठं वळणार ते सांगायची सोयच उरत नाही कारण दोन्ही बाजू आधीच उघडझाप करतायत. धुक्यात लो बीम (हेडलाईटचा खालचा झोत) लावा, म्हणजे मागचे लाल आपोआप लागलेले राहतात. नवीन गाड्यांत पुढचे दिवसाचे एलईडी दिवे आपोआप लागतात आणि लोकांना वाटतं लाईट चालू आहेत, पण बऱ्याच गाड्यांत त्यावर मागचं काहीच लागत नाही, पांढऱ्या धुक्यात पांढरी गाडी मागनं अजिबात दिसत नाही. हे मी प्रत्येक पावसाळ्यात बघतो.

तुम्हाला खरंच धुक्यात सुरक्षित फिरायचं असेल तर मागं एक लाल फॉग लॅम्प बसवा. २१ वॅटचा एकच पुरतो, उजव्या बाजूला. वेगळं बटण, वेगळा फ्यूज, आणि ब्रेक लाईटपासून निदान १० सेंटीमीटर लांब बसवा म्हणजे मागच्याला दोन वेगळे दिवे आहेत हे कळतं. पण धुकं संपलं की लगेच बंद करायचा, मोकळ्या हवेत तो मागच्याच्या डोळ्यात जातो.

विटा_सीजे

वाईकर दादांचं बाकी सगळं पटलं पण एलईडीवर एवढी फुली मारू नका. बल्ब बदलणं वेगळं आणि मुळातच एलईडीसाठी बनवलेलं पूर्ण सीलबंद युनिट बसवणं वेगळं. माझ्या जुन्या सीजे जीपला मी गोल सीलबंद युनिट बसवलेत, ई-मार्क (युरोपच्या मान्यतेचा शिक्का) असलेले. खडीच्या आणि शेतातल्या रस्त्यावर बल्बचं फिलामेंट धक्क्यानं तुटायचं, आता ते संपलं. आणि एक फायदा कुणी बोलत नाही, साधा बल्ब पूर्ण पेटायला सेकंदाचा पाचवा हिस्सा घेतो, एलईडी त्याच क्षणी पेटतो. ताशी ६० नं मागनं येणारा माणूस तेवढ्या वेळात ३ मीटरच्या वर पुढं सरकलेला असतो. तुमच्या टेम्पोच्या गोष्टीत ३ मीटर म्हणजे किती ते तुम्हीच बघा.

जुन्या सीजे जीपवाल्यांसाठी एक भर घालतो, आपल्यात ब्रेक लाईटचं बटण पेडलवर नसून ब्रेक ऑइलच्या प्रेशरवर चालणारं असतं, ते म्हातारं झालं की जोरात दाबल्यावरच लाईट लागतो, हलक्या ब्रेकला लागतच नाही. घाटात हलका ब्रेकच जास्त वापरला जातो. जिप्सीला पेडलवरचं बटण आहे, ते लॉकनट सैल करून पुढंमागं सरकवता येतं, पेडल जरा हलल्याबरोबर लाईट लागला पाहिजे.

वाई_घाटवाट

सीलबंद युनिटबद्दल तुमचं बरोबर आहे, मी बल्बबद्दलच बोललो. पण जिप्सीचा मागचा कोपरा चौकोनी कापलेला आहे, तिथं गोल युनिट बसवायला पत्र्यात नवीन भोकं पाडावी लागतील, नवीन मारलेल्या पत्र्यात ते करायला माझा जीव होणार नाही. अर्थ नीट झाल्यावर चांगल्या कंपनीच्या २१ वॅटच्या बल्बचा उजेड कमी पडत नाही.

तासगाव_फोरबायफोर

काचेत पाणी साठतंय त्याच्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

लोकल सेटचं रबर पॅकिंग पातळ असतं आणि कोपऱ्यात बसत नाही, शिवाय नवीन मारलेला पत्रा मूळच्याइतका सपाट नसतो, त्यामुळं फट राहते. जुना सेट फेकला नसेल तर त्याचं पॅकिंग काढून साबणाच्या पाण्यानं धुऊन बघा, मऊ असेल तर तेच परत वापरा. लोक काय करतात की सगळ्या कडेनं सिलिकॉन फासतात आणि खालचं पाणी निघायचं भोक पण बुजवून टाकतात. मग आत गेलेली वाफ बाहेर येत नाही आणि होल्डर हिरवा पडतो. खालचं भोक मोकळंच ठेवायचं, चिखलानं बुजलं असेल तर काडीनं साफ करायचं, चिखलातनं गाडी काढली की दर वेळी बघायचं. सिलिकॉन लावायचंच असेल तर वरच्या आणि बाजूच्या कडेला पातळ लावा आणि ते व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, त्यातनं ॲसिड सुटतं आणि तांबं-पितळ खातं. न्यूट्रल क्युअर म्हणून मिळतं ते मागा.

आणि काच कधीही पेट्रोल, थिनर, डिझेल याच्यानं पुसू नका. टेललाईटची काच म्हणजे ॲक्रेलिकचं प्लास्टिक असतं, थिनर लागलं की आत बारीक बारीक तडे जातात, ते लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी काच पांढरट होऊन स्क्रूच्या भोकापासनं फुटते. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. उन्हानं काच अंधूक झाली असेल तर ८०० चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मग १५००, मग २०००, आणि शेवटी पॉलिश. पण लाल रंगच उडून गुलाबी झाला असेल तर घासून परत येत नाही, बदलावीच लागते, कारण गुलाबी काचेतनं लाल कमी आणि पांढरा जास्त बाहेर येतो.

मूळ काच हवी असेल तर कंपनीच्या काउंटरवर चेसिस नंबर देऊन विचारा, नाही मिळाली तर पुण्यात नाना पेठेत जिप्सीचं सामान ठेवणारे आहेत, जाताना जुनी काच बरोबर न्या, फोटोवर घेऊ नका. मागच्या बाजूच्या स्क्रूच्या भोकांचं अंतर आणि रबराची खाच जुळवून बघूनच पैसे द्या.

सातारा_११

आरटीओच्या बाजूनं थोडं. गाडी १९९८ ची म्हणजे १५ वर्षं २०१३ ला झाली, मग पाच-पाच वर्षांचं रिन्यूअल, त्या हिशोबानं पुढचं २०२८ ला येईल. फॉर्म २५ भरून गाडी दाखवायला न्यावी लागते आणि तिथं मागचे दिवे बघतातच. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम १०५ आहे, त्यात मागचा लाल दिवा १५५ मीटरवरनं दिसला पाहिजे आणि मागच्या नंबर प्लेटवर पांढरा उजेड पडून नंबर १५ मीटरवरनं वाचता आला पाहिजे. नियम १०२ मध्ये इंडिकेटर पिवळा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करणारा पाहिजे. म्हणजे तो रेझिस्टर न टाकता फडफडणारा एलईडी इंडिकेटर तिथंच अडकतो. धुरकट काळी काच, निळा नंबर प्लेटचा दिवा, असलं काही ठेवू नका.

१५५ मीटर हे कागदावरचं म्हणून सोडू नका. रात्री गाडी सरळ रस्त्यावर लावून दोनशे-सव्वादोनशे पावलं मागं चालत जा आणि स्वतः बघा. आणि मागं लाल रिफ्लेक्टर दोन्ही बाजूला असलेच पाहिजेत, बल्ब गेला तरी मागच्याच्या हेडलाईटवर ते चमकतात. ऊस तोडणी चालू झाली की कोरेगाव रोडला, इस्लामपूरच्या बाजूला दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात, दर सिझनला माणसं जातात त्याच्यात. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यानं ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा, एका ट्रॉलीचा खर्च काहीच नाही. विषय जिप्सीचा आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मेढा_जिप्सी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. थिंबल बदललं, नट-बोल्ट टाकून आवळलं, पत्र्याखालची चॅसीची पट्टी पण उघडली तर ती हातात तुटून आली, नवीन टाकली. आता डाव्या होल्डरवर ०.१ आणि उजवीकडं पण ०.१. जुनं पॅकिंग माळ्यावर सापडलं, ते धुऊन लावलंय. एलईडीचं डोक्यातनं काढलं, मागचा फॉग लॅम्प मात्र बसवणार आहे. त्याची वायर पुढं बटणापर्यंत कशी आणू, फ्यूज किती अँपिअरचा टाकू?

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

पट्टी तुटून आली म्हणजे बरंच झालं, ती कधी ना कधी घाटातच तुटली असती.

फॉग लॅम्प एकच २१ वॅटचा असेल तर ५ अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला, वायर १ स्क्वेअर एमएमची घ्या. फीड लो बीमच्या वायरीवरनं रिलेला (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) सिग्नल म्हणून द्या आणि रिलेचा मुख्य प्लस बॅटरीवरनं फ्यूजमधनं आणा, म्हणजे हेडलाईट बंद केले की फॉग आपोआप बंद होतो आणि चुकून चालू राहून बॅटरी उतरत नाही. फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभरात. बटण आत जळणाऱ्या लाल-पिवळ्या दिव्याचं घ्या म्हणजे चालू आहे ते समोर दिसेल.

वायर बाहेरनं चॅसीवरनं नेऊ नका, तिथं चिखल आणि दगड लागतात. डॅशबोर्डखालनं डाव्या दाराच्या उंबरठ्याच्या पट्टीखालनं मागं न्या, मूळ वायरिंगच्या शेजारनंच, आणि लवचिक पाइपात घाला कारण शेतावर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात. पत्र्यातनं जिथं बाहेर काढाल तिथं रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) घातल्याशिवाय वायर ओढू नका. मागच्या दारावर लॅम्प लावायचा विचार असेल तर सोडून द्या, दार उघडझाप होऊन बिजागरीजवळ वायर तुटते आणि स्टेपनीमुळं एका बाजूनं झाकलं पण जातं, बंपरवर उजवीकडंच लावा. लॅम्पचा अर्थ त्या नवीन नट-बोल्टवरच आणा, दुसरीकडं कुठं नवीन स्क्रू मारू नका. लावून झाल्यावर ब्रेक, इंडिकेटर, फॉग, सगळं एकदम चालू करून त्या बोल्टवर परत मीटर लावा, ०.२ च्या आत असेल तर काच बंद करा. काचेचे स्टार स्क्रू हातानंच, समोरासमोरचे आळीपाळीनं, पॅकिंग जरा दबलेलं दिसेपर्यंतच आवळायचे, बॅटरीचं स्क्रूमशीन तिथं लावू नका.